वाचक विचारतात : कॅन्यनमधली रानगुलबक्षी

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या वाळवंटी कॅन्यनमध्ये उगवणाऱ्या बहुवर्षायू रानवनस्पतींबद्दल प्रश्न पाठवा, असं आम्ही मागे कळवलं होतं. आलेली बहुतेक पत्रं एकाच झुडपाभोवती फिरत होती, म्हणून हा भाग त्यालाच दिला आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि काही पत्रं थोडी छाटली आहेत.

मे महिन्यात युटातल्या मोॲबजवळ एका कोरड्या ओढ्याच्या काठाने चालत होतो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला एका पसरट झुडपावर गर्द गुलाबी फुलंच फुलं उघडलेली दिसली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता परतलो तेव्हा सगळी मिटलेली. आपल्या गुलबक्षीची आठवण झाली, पण इथे रानात कोण लावणार? हे काय असावं? – एक वाचक, डेन्व्हर

गुलबक्षीची सख्खी बहीणच ती. आपल्या अंगणातली गुलबक्षी म्हणजे मिराबिलिस जलापा. तुम्ही पाहिलीत ती मिराबिलिस मल्टिफ्लोरा. युटा, कोलोरॅडो, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, नेवाडा, कॅलिफोर्निया आणि टेक्सासचा काही भाग, शिवाय उत्तर मेक्सिको, एवढ्या पट्ट्यात ती आपली आपण उगवते. तिकडे तिला ‘कोलोरॅडो फोर ओ'क्लॉक’ किंवा ‘डेझर्ट फोर ओ'क्लॉक’ म्हणतात. १८२० साली मेजर लाँग यांची मोहीम रॉकी पर्वताकडे गेली होती. तिच्यातले वनस्पती-संग्राहक एडविन जेम्स यांनी आणलेल्या नमुन्यांवरून जॉन टॉरी यांनी या जातीचं पहिलं वर्णन केलं. मिराबिलिस या प्रजातीत तिला नंतर एसा ग्रे यांनी आणलं.

ओळख पक्की करायची तर फुलाकडे नाही, फुलाखालच्या हिरव्या वाटीकडे बघा. पाच छदं, म्हणजे फुलाखालची पानासारखी दलं, बुडाशी जुळून ही वाटी होते आणि तिच्यातून साधारण सहा फुलं एकामागून एक उमलतात. आपल्या गुलबक्षीत एका वाटीत एकच फूल असतं. बाकी खुणा अशा: पानं समोरासमोर, जाडसर, निळसर राखी झाक असलेली, बुडाशी हृदयाकृती, फूल चार ते सहा सेंटिमीटर लांब नरसाळं, आतून पाच पुंकेसर बाहेर डोकावतात. झुडूप गुडघाभर उंच, पण पसारा एक ते दीड मीटर. आपली गुलबक्षी उभी वाढते, ही बसकी आणि पसरट.

त्याच भागात तीन वनस्पती फसवतात. ॲलिओनिया ही जमिनीसरपट वेल. तिचं एक वाटणारं फूल म्हणजे खरं तर तीन फुलांचं त्रिकूट असतं आणि आकाराने ते बरंच लहान असतं. मिराबिलिस ॲलिपेस हिची छदं एकमेकांना जुळलेली नसतात, सुटी असतात. तिसरा रानधोतरा, डाटुरा रायटी. फूल नसताना त्याचं राखाडी झुडूप लांबून घोटाळ्यात टाकतं, पण त्याची पानं एकाआड एक असतात आणि चुरडली की उग्र वास येतो. धोतरा सर्वांगी विषारी आहे, तेव्हा हा घोटाळा होऊ देऊ नका.

आमच्या बागेत हे झुडूप हवं आहे. रानातून एखादं उपटून आणलं तर चालेल का? नाहीतर बी तरी? – एक वाचक, सॉल्ट लेक सिटी. एक वाचक, अल्बुकर्की

उपटून आणू नका. कायदा बाजूला ठेवला तरी ते जगत नाही. जमिनीवर दिसतं ते झुडूप दर हिवाळ्यात पूर्ण वाळून मोडतं. खरं झाड म्हणजे खालचं मांसल सोटमूळ. जुन्या झुडपाचं मूळ मांडीएवढं जाड होतं आणि खडकांच्या फटींतून खोल उतरतं. फावड्याने वरचा फूटभर तुकडा निघतो, बाकी तुटून खालीच राहतं. तुटलेल्या जागी ओल आणि बुरशी शिरते आणि नव्या जागी चार-सहा आठवड्यांत ते कुजतं. रानातलं झाड गेलं आणि बागेतही काही लागलं नाही, असा दुहेरी तोटा होतो.

आता कायदा. जमीन कोणाची आहे यावर सगळं अवलंबून आहे, आणि कॅन्यनच्या मुलखात दहा मैलांत मालक तीनदा बदलतो. आर्चेस, कॅन्यनलँड्स, झायन, कॅपिटल रीफ, ग्रँड कॅन्यन अशा राष्ट्रीय उद्यानांत झाड, फांदी, बी काहीही उचलायला बंदी आहे. संशोधनासाठीही लेखी परवाना लागतो. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या, म्हणजे बीएलएमच्या, सर्वसाधारण जमिनीवर स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नव्हे, फुलं, बिया, पानं माफक प्रमाणात घ्यायला मुभा असते. पण त्यांच्याच ताब्यातल्या राष्ट्रीय स्मारकांत आणि राखीव क्षेत्रांत नियम वेगळे असू शकतात, म्हणून त्या भागाच्या फील्ड ऑफिसला आधी फोन करा. राष्ट्रीय वनांत रेंजर कार्यालयाकडून परवाना घ्यावा लागू शकतो. नावाहो, हवासुपाई, होपी, झुनी या मूळनिवासी राष्ट्रांच्या भूमीवर त्या त्या राष्ट्राची परवानगी हवी. ॲरिझोनातल्या कॅनियन डी शे या राष्ट्रीय स्मारकाचं व्यवस्थापन उद्यानखातं पाहतं, पण जमीन नावाहो राष्ट्राची आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. खासगी जमिनीवर मालकाची चिठ्ठी खिशात असू द्या. ॲरिझोनात राज्याचा देशी वनस्पतींचा वेगळा कायदाही आहे.

एवढ्या भानगडीत पडायचं नसेल तर देशी रोपांच्या नर्सरीत या जातीचं बी आणि रोप दोन्ही मिळतं. विकत घेताना ते नर्सरीत वाढवलेलं आहे ना, एवढं विचारा. कुंडीतल्या रोपाला जाड मूळ कापल्याची ताजी खूण दिसली तर ते रानातून उपटलेलं समजा आणि घेऊ नका.

परवानगीची जागा मिळाली आहे. बी कधी, किती आणि कसं गोळा करायचं? गेल्या वर्षी आणलेल्यापैकी एकही उगवलं नाही. – एक वाचक, ग्रँड जंक्शन

उगवलं नाही याचं पहिलं कारण बहुधा कच्चं किंवा पोकळ बी. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, उंचीप्रमाणे थोडं मागेपुढे, वाटी वाळून कागदासारखी पसरते आणि बी तिच्यात सुटं पडतं. हिरव्या वाटीतलं, बोटाने दाबून काढावं लागणारं बी घेऊ नका. झुडपाखाली एक जुनी चादर पसरून फांदी हलकेच हलवा. पडेल तेवढंच पिकलेलं. जमिनीवर पडलेलं बीही चांगलं असतं, फक्त त्याला बारीक भोक नाही ना ते पाहा. असेल तर आत किडा आहे.

पिकलेलं बी गडद तपकिरी ते काळं, टणक, साधारण सेंटिमीटरभर लांब असतं. गुलबक्षीचं काळं बी फोडून आतली पांढरी पूड काढण्याचा उद्योग लहानपणी बहुतेकांनी केला आहे. तीच तपासणी इथे करा. दहा बिया नेलकटरने मधोमध कापा. आत पांढरं, पिठूळ, घट्ट भरलेलं दिसलं की बी सकस. पोकळ, सुरकुतलेलं किंवा करडं दिसलं तर फुकट. दहातली सहा भरलेली निघाली तर त्या झुडपांवरून घ्या, तीनच निघाली तर दोन आठवड्यांनी परत या. पाण्यात टाकून तरंगतं की बुडतं हे बघण्याची पद्धत इथे भरवशाची नाही, कारण सुकं कवच हवा धरून ठेवतं.

किती घ्यायचं? घरच्या बागेला २० ते ३० बिया भरपूर झाल्या. एकाच झुडपावरून सगळ्या घेऊ नका. पाच-सहा झुडपांवरून थोड्या थोड्या घ्या. अमेरिकेतल्या ‘सीड्स ऑफ सक्सेस’ या शासकीय बीजसंग्रह कार्यक्रमाचा दंडक असा आहे की त्या दिवशी उपलब्ध असलेल्या पक्व बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त उचलायच्या नाहीत. हौशी माणसाने त्याच्या कितीतरी आत राहावं. जिथे दोन-तीनच झुडपं आहेत तिथून काहीच घेऊ नये.

पिशवी कागदी हवी, प्लॅस्टिकची नको; गाडीच्या डिकीत प्लॅस्टिकमध्ये बी उकडून निघतं. पिशवीवर जागा, उंची आणि तारीख लगेच लिहा. १,२०० मीटरवरचं बी आणि २,१०० मीटरवरचं बी बागेत सारखं वागत नाही. शक्यतो आपल्या गावाच्या जवळच्या उंचीवरचं बी घ्यावं. घरी सावलीत दोन आठवडे सुकवून काचेच्या बरणीत, सिलिका जेलची पुडी टाकून, फ्रिजमध्ये ठेवा.

जागेबद्दल दोन सूचना. जुलै ते सप्टेंबर हा तिथला वादळी पावसाचा काळ. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतं आणि वीस मैलांवर पडलेल्या पावसाचा लोंढा अरुंद घळीत येतो. हवामान खात्याचा फ्लॅश फ्लडचा इशारा पाहिल्याशिवाय घळीत उतरू नका. दुसरी सूचना पायाखालच्या मातीची. काळसर, खडबडीत, फुगीर कवच असलेली माती दिसली तर ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळं आणि दगडफूल मिळून ती धूप थांबवतात. एका पावलाने मोडलेलं ते कवच भरून यायला दशकं लागतात. खडकावरून, वाळूच्या पात्रातून किंवा मळलेल्या वाटेनेच झुडपापर्यंत जा. आणि झुडपाखाली हात घालण्याआधी काठीने हलवून बघा, कारण अशी दाट सावली रॅटलस्नेकलाही आवडते.

पेरणीची नेमकी पद्धत द्याल का? फ्रिजमध्ये ठेवायचं म्हणजे किती दिवस, आणि कवच घासायचं की नाही, याबद्दल वेगवेगळं वाचायला मिळतं. – एक वाचक, सांता फे; एक वाचक, डेन्व्हर

दोन रस्ते आहेत. ज्यांच्याकडे खरा हिवाळा आहे त्यांनी पहिलाच घ्यावा, कारण त्यात काम कमी आणि रोप दणकट.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जमीन गोठायच्या आधी, कायमच्या जागीच बी टाका. एका जागी तीन बिया, दीड ते दोन सेंटिमीटर खोल. दोन जागांत किमान सव्वा मीटर अंतर. वरून दोन सेंटिमीटर बारीक खडी पसरा आणि तारेची जाळी दगडांनी दाबून ठेवा, नाहीतर उंदीर एका रात्रीत साफ करतात. हिवाळ्यातलं बर्फ आणि ओल कवच सैल करतं. एप्रिल-मेमध्ये मूत्रपिंडाच्या आकाराची दोन रुंद बीजपत्रं वर येतात. ती इतकी मोठी असतात की तण समजून लोक उपटून टाकतात, म्हणून जागेवर खूण ठेवा. तिन्ही उगवली तर सर्वांत जोमदार एक ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटलीत तर ठेवलेल्या रोपाचं मूळही हलतं.

दुसरा रस्ता फ्रिजचा. बी एक दिवस पाण्यात भिजवा. मग ओलसर वाळूत मिसळून झिपलॉक पिशवीत घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, साधारण ४ अंश सेल्सियसला, चार ते सहा आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये नाही. वाळू किती ओली? मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाण्याचा थेंब सुटू नये. थेंब सुटला की पंधरा दिवसांत बुरशी आलीच. दर आठवड्याला पिशवी उघडून बघा, कारण काही बिया फ्रिजमध्येच मोड काढतात. मोड आलेली लगेच कुंडीत लावा, मोडाचं टोक खाली. ते मोडलं तर रोप मरत नाही, पण सोटमुळाऐवजी फाटे फुटतात आणि पुढे दुष्काळात तेच झाड आधी माना टाकतं.

घासण्याबद्दल: ताज्या बियांना गरज नाही. दोन-तीन वर्षं जुन्या, फार टणक बियांना बाजूने पॉलिश पेपर मारा आणि कवचाचा रंग फिका पडला की थांबा. या कुळात गर्भ बियांच्या मधोमध नसतो. तो पिठूळ भागाला बाहेरून विळखा घालून बसलेला असतो. एक रेघ जास्त घासलीत की गर्भालाच इजा होते. गरम पाणी ओतण्याचा सल्लाही फिरत असतो. तो इतर कुळांतल्या टणक बियांसाठी ठीक, इथे नको.

कुंडी रुंद नको, खोल हवी: ३० ते ३५ सेंटिमीटर. मिश्रणात दोन भाग भरड वाळू किंवा प्युमिसचा (हलक्या, सच्छिद्र दगडाचा) चुरा आणि एक भाग साधी कुंडीची माती. शेणखत, कंपोस्ट, कोकोपीट काही नको. २० अंशांच्या आसपास तपमान असेल तर दोन ते चार आठवड्यांत उगवण दिसते, पण सगळी एकदम नाही. काही बिया आळशी असतात. दीड महिना कुंडी फेकू नका. रोपाला खऱ्या पानांच्या तीन जोड्या आल्या की जमिनीत हलवा. मूळ तळाशी गोल फिरायला लागलं तर उशीर झाला.

पहिल्या वर्षी वर वीतभरच वाढ दिसते, कारण सगळं बळ खाली जातं. दुसऱ्या वर्षी थोडी फुलं, तिसऱ्या वर्षापासून खरा बहर. या काळात खत घालून घाई केली तर लुसलुशीत फांद्या वाढून झुडूप मधून फाकतं आणि फुलं कमी येतात.

दोन वर्षं छान होतं. यंदा जूनमध्ये पानं पिवळी पडली म्हणून पाणी वाढवलं, तर महिन्याभरात संपलं. ड्रिप रोज दहा मिनिटं चालू होतं. – एक वाचक, फीनिक्स

पाण्यानेच गेलं. या झुडपाच्या मरणाचं हे सर्वांत नेहमीचं कारण, आणि वाढवलेल्या पाण्याने शेवट लवकर आणला. रोज दहा मिनिटांचं ड्रिप म्हणजे वरची बोटभर माती कायम ओली आणि खालची कोरडी. मुळाचं डोकं नेमकं त्या ओल्या थरात असतं, तेव्हा कूज तिथूनच सुरू होते. पानं पिवळी दिसली की आधी झुडपाशेजारी दहा सेंटिमीटर उकरून बोट घाला. माती ओली आणि पानं पिवळी म्हणजे कूज. माती कोरडी आणि पानं मलूल म्हणजे तहान. संध्याकाळी मलूल होऊन पहाटे टवटवीत झालेलं झुडूप ठणठणीत आहे, त्याला पाणी देऊ नका.

फीनिक्सच्या भागात आणखी एक अडचण आहे: मातीखाली चुन्याने घट्ट बांधलेला, दगडासारखा थर, ज्याला तिकडे कॅलिची म्हणतात. पाणी त्याच्यावर तुंबतं. नवं रोप लावण्याआधी ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला पाच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर तिथे लावू नका. पहारीने थर फोडा, नाहीतर दगड रचून पाऊण-एक फूट उंच, वाळू-खडीचा उंचवटा करून त्यावर लावा. चिकण मातीतही हाच उपाय. चिकण मातीच्या खड्ड्यात नुसती वाळू भरली तर तो खड्डा बादलीसारखा पाणी धरतो.

पाण्याचं माप: पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा चार-पाच लिटर, सावकाश, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्याला एकदा, थोडं जास्त. तिसऱ्या वर्षापासून फीनिक्ससारख्या उष्ण, सखल जागी महिन्यातून एक-दोनदा, आणि डेन्व्हर किंवा सांता फेला बहुतेक वर्षी काहीच नको. ड्रिपरची नळी बुंध्यापासून दीड फूट लांब सरकवा. बुंध्याभोवती लाकडाच्या सालीचं आच्छादन नको, पाच सेंटिमीटर खडी हवी. फीनिक्स या झुडपाच्या आवडत्या उंचीपेक्षा बरंच खाली आहे, म्हणून तिथे दुपारी तीननंतर सावली येईल अशी, भिंतीच्या पूर्वेची जागा निवडा. लॉनच्या शेजारी मात्र कुठेच नको, स्प्रिंकलर त्याला सोडत नाही.

गेलेलं झुडूप उपसून पाहिलंत तर मुळाचं डोकं मऊ, तपकिरी, आंबूस वासाचं निघेल. खालचा भाग पांढरा आणि कडक असला तरी त्यातून नवा कोंब फुटण्याची आशा कमी. त्याच खड्ड्यात लगेच नवं रोप लावू नका.

ऑक्टोबरात सगळं वाळून बुडाशी मोडलं. एप्रिल संपत आला, काहीच हालचाल नाही. उकरून टाकू का? – एक वाचक, डेन्व्हर

नाही. हे झुडूप वसंतात सर्वांत उशिरा जागं होणाऱ्यांपैकी आहे. जमीन नीट तापल्याशिवाय कोंब वर येत नाहीत. डेन्व्हरला मेचा मध्य उजाडू शकतो. वाळलेल्या काड्या गोळा करा, जागेवर खुंटी ठोका आणि तोवर तिथे कुदळ चालवू नका. रिकामी जागा डोळ्यांना खुपत असेल तर आसपास लवकर फुलून लवकर झोपणारे ट्युलिपचे छोटे रानकंद लावा. पाण्याच्या बाबतीत दोघांची आवड जुळते.

मुलगी ॲरिझोनात असते. तिच्याकडून बी मागवून पुण्यात गच्चीवर लावता येईल का? – एक वाचक, पुणे

पहिली गोष्ट, तिला सामानातून किंवा टपालाने नुसतं बी आणायला सांगू नका. भारतात पेरणीचं बियाणं आणण्यावर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाचं बंधन आहे. आयात परवाना लागतो, निघण्याच्या देशातल्या सरकारी यंत्रणेचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि आदेशाच्या याद्यांत नसलेल्या जातींसाठी आधी कीड-जोखमीचं विश्लेषण व्हावं लागतं. दहा बियांसाठी हा व्याप कोणी करत नाही, आणि करूनही पदरी फारसं पडणार नाही. मोॲबला वर्षभरात साधारण २३० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात त्याच्या तिपटीहून अधिक, तोही बहुतेक चार महिन्यांत आणि ऐन उष्ण-दमट हवेत. याच काळात हे मूळ कुजतं. शिवाय त्याला थंडीतली झोप लागते, ती पुण्याच्या हिवाळ्यात पुरती मिळत नाही.

गच्चीवर आपली गुलबक्षीच लावा. तीही मूळची अमेरिका खंडातली, पण उष्ण प्रदेशातली, त्यामुळे आपला पावसाळा तिला मानवतो. तिच्याकडे कमीपणाने बघण्याचं काही कारण नाही. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फूल येतं, हे अपूर्ण प्रभावितेचं उदाहरण बारावीच्या जीवशास्त्रात आहे. आणि काही गुणधर्म फक्त मातेकडूनच उतरतात, हे कार्ल कॉरेन्स यांनी १९०९ मध्ये याच झाडाच्या चट्टेरी पानांवरून दाखवलं. दहा इंची कुंडी, दोन बिया, भरपूर ऊन. पावसाळ्यानंतर वर वाळली तरी कुंडीतला कंद राहू द्या, पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा फुटेल.

मी ॲरिझोनात वनस्पतिशास्त्र शिकते. हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, या जातीचा नमुना करायचा आहे. दोनदा दाबला, दोन्ही वेळा पानं काळी आणि फुलांचा लगदा झाला. – एक विद्यार्थिनी, टूसॉन

परवाना विभागाच्या किंवा हर्बेरियमच्या नावावर असतो. त्याची प्रत सोबत ठेवा आणि त्यातल्या अटी आधी वाचा. नमुना पहाटे, उजाडल्यापासून आठ वाजेपर्यंत घ्या. फुलं तेव्हा उघडी असतात आणि उन्हाने मलूल झालेली नसतात. झुडपापाशीच दाबा. पिशवीत घालून गाडीपर्यंत नेलं की फुलं मिटून एकमेकांना चिकटतात, तुमचा लगदा तिथेच झाला असणार.

फूल, कळी आणि पक्व बी तिन्ही असलेली फांदी निवडा. बी नसेल तर सप्टेंबरात त्याच झुडपावरून वेगळं घ्या. सरसकट आख्खी फांदी दाबू नका. २९ बाय ४२ सेंटिमीटरच्या कागदावर मावेल एवढी, पानांचे थर एकावर एक न येणारी. नको असलेली पानं देठाचा बुंधा ठेवून कापा, म्हणजे मांडणी कळते. एक-दोन पानं पालथी ठेवा. दोन फुलं उभी चिरून, उघडून, बटर पेपरच्या तुकड्यात स्वतंत्र दाबा. हिरवी वाटी जाड असते. एक वाटी उभी कापून ठेवली तर आतल्या फुलांची संख्या मोजता येते, आणि ओळखीला तीच लागते.

काळी पानं सावकाश सुकण्यामुळे होतात. पानं मांसल, त्यांत पाणी भरपूर. पहिले दोन दिवस टिपकागद सकाळ-संध्याकाळ बदला, मग रोज एकदा. प्रत्येक दोन नमुन्यांत एक नालीदार पुठ्ठा घाला, हवा खेळली पाहिजे. ड्रायर असेल तर ४० ते ४५ अंश. त्याहून वर गेलं की पानं तपकिरी आणि ठिसूळ होतात. नमुना दाबायच्या प्रेसचे पट्टे रोज आवळा, कारण सुकताना जाडी उतरते आणि सैल पडलेल्या प्रेसमध्ये पानं सुरकुततात.

मूळ खणू नका. लेबलवर ‘मांसल सोटमूळ, काढलेलं नाही’ असं लिहिलं की पुरे. बाकी नोंद जागेवरच करा: अक्षांश-रेखांश, उंची, उताराची दिशा, खडक किंवा माती (लाल वालुकाश्माची वाळू, चुनखडक, जे असेल ते), सोबतची झुडपं, झुडपाचा पसारा, साधारण किती झुडपं दिसली, तारीख, तुमचा संग्रह क्रमांक. फुलाचा रंग लिहायला विसरू नका. या कुळातला गुलाबी रंग अँथोसायनिनचा नसून बीटात असतो त्या बीटालेन गटाचा आहे, आणि दाबल्यावर तो विटून तपकिरी होतो. सुटलेल्या बिया पाकिटात घालून त्याच कागदावर चिकटवा. हर्बेरियममध्ये देण्याआधी नमुना पिशवीत बंद करून उणे २० अंशांना आठवडाभर ठेवला की किडे मरतात.

पुनर्नवा याच कुळातली आहे असं वाचलं. मग या रानगुलबक्षीचं मूळ औषधी असेलच ना? झुनी लोक खात असत म्हणे. – एक वाचक, नाशिक

कूळ तेच: पुनर्नवा, बोगनवेल आणि गुलबक्षी तिघी निक्टॅजिनेसी कुळातल्या. पण कुळावरून औषध ठरत नाही; बटाटा आणि धोतराही एकाच कुळातले आहेत. झुनी लोक मुळाची पूड पिठात मिसळून भूक कमी करण्यासाठी भाकरी करत आणि होपी वैद्य निदान करताना मूळ चघळत, अशा नोंदी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या आहेत. जाणत्या माणसांनी, ठरलेल्या प्रसंगी, मापाने केलेला हा वापर. घरच्या काढ्याला तो आधार होत नाही. गुलबक्षीचं मूळ आणि बी पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात. हिच्या बाबतीतही तेच धरून चाला आणि बिया लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

झुडपावर बोटाएवढी, मागे शिंग असलेली अळी आहे. फवारणी काय करू? – एक वाचक, अल्बुकर्की

फवारू नका. ती बहुधा पांढऱ्या रेघांच्या हॉकमॉथची, हायलेस लिनिआटाची, अळी आहे. संध्याकाळी फुलाच्या लांब नळीत सोंड घालून परागण करणारा पतंग तोच. अळ्या दोन-चार असतील तर झुडपाला जाणवतही नाही. पानं फस्त झाली तरी मूळ शाबूत असल्याने तीन-चार आठवड्यांत नवी फुटतात. रोप पहिल्याच वर्षाचं असेल तर मात्र अळी काडीवर घेऊन जुन्या झुडपावर सोडा, आणि जवळ टोमॅटो असतील तर तिकडेही लक्ष ठेवा.